पार्किंग सेन्सर गप्पच बसत नाही, काय करायचं?

प्रश्न : माझी गाडी सहा वर्षांची आहे, मॅन्युअल गिअरची. रिव्हर्स टाकला की पार्किंग सेन्सर वाजायचे ते ठीकच होतं पण गेला महिनाभर पुढे जातानाही टीं टीं टीं चालूच असतं, बटण दाबलं की दोन सेकंद गप्प आणि परत सुरू, कधी कधी तर स्क्रीनवर मागच्या कॅमेऱ्याचं चित्र तसंच अडकून राहतं आणि गाणी पण बारीक होतात. डोकं उठतं अगदी. एका मेकॅनिकने सांगितलं वायरच कापून टाकू, विषय संपला. कापू का?

उत्तर : नका कापू, आधी दहा मिनिटं द्या याला. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ते अडकलेलं चित्र. नुसता आवाज असता तर मी सेन्सरकडे बोट दाखवलं असतं, पण कॅमेरा पण चालू राहतोय, गाणी पण बारीक होतायत, म्हणजे गाडीला वाटतंय की ती अजून रिव्हर्समध्येच आहे. मग बटण कितीही दाबा, रिव्हर्सचा सिग्नल तुटून परत आला की टीं टीं नव्याने सुरू होणार.

खात्री करायला एक साधी गोष्ट करा. सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद पण चावी ऑन, गिअर न्यूट्रलला, आणि कोणाला तरी मागे पाठवून विचारा की रिव्हर्सचा पांढरा दिवा लागलाय का. एकदा बघून सोडू नका, गिअर चार-पाच वेळा रिव्हर्सला टाकून काढा कारण हा दोष येऊन-जाऊन असतो. न्यूट्रलला असताना पांढरा दिवा पेटलेला दिसला की चोर सापडला समजा, रिव्हर्स लाइटचा स्विच किंवा त्याची वायर.

बहुतेक मॅन्युअल गाड्यांत हा स्विच गिअरबॉक्सच्या अंगालाच आटे पाडून बसवलेला असतो, आत एक छोटी दांडी असते, रिव्हर्स टाकला की ती दाबली जाते आणि कॉन्टॅक्ट जुळतो. ती दांडी आत अडकली किंवा कॉन्टॅक्ट चिकटला की गिअर काढला तरी सिग्नल जातच राहतो. दिवा पेटलेला असतानाच स्विचचा कनेक्टर काढायला सांगा. दिवा विझला तर स्विच खराब, नाही विझला तर पुढे कुठेतरी वायरचं आवरण घासून ती दुसऱ्या वायरला लागतेय. स्विच बदलणं मोठं काम नाही, फक्त काही गाड्यांत तो सोडवताना गिअर ऑइल थोडं बाहेर येतं, तेवढं नंतर लेव्हल बघून भरून घ्यायचं.

आणि हे लांबणीवर टाकू नका हो, मनापासून सांगतोय. आवाजाचा त्रास तुम्हाला होतो पण तो पांढरा दिवा मागच्या गाडीवाल्याला सांगत असतो की ही गाडी मागे येणार आहे. रात्री सिग्नलला उभे असताना त्याने काय समजायचं? वायर कापली तर तुमच्या कानाला शांतता मिळेल, दिवा मात्र तसाच पेटत राहील.

आता समजा पांढरा दिवा अगदी शहाण्यासारखा वागतोय, तर मग बंपरवरचे ते गोल ठिपके, म्हणजे सेन्सर, बघायचे. ते वटवाघळासारखं काम करतात, साधारण 40 किलोहर्ट्झच्या आसपास आवाज सोडतात, आपल्या कानाला 20 च्या पुढचं ऐकू येत नाही म्हणून कळत नाही, आणि आवाज धडकून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. एक मीटरवर भिंत असेल तर सुमारे 6 मिलिसेकंदात उत्तर परत. पण टोला दिल्यावर घंटा जशी क्षणभर घुमत राहते तसा सेन्सरचा पडदाही घुमतो, आणि त्यावर चिखल, पाण्याचा थेंब, बर्फ असलं काही बसलं की हे घुमणं लांबतं किंवा तिथूनच उत्तर येतं आणि कंट्रोल बॉक्सला वाटतं काहीतरी अगदी चिकटून उभं आहे. मग तो सलग टीं लावतो. बरेचदा ओल्या मऊ फडक्याने पुसलं तरी काम होतं. नखाने किंवा पत्र्याने खरवडू नका, प्रेशरचं पाणी पण अगदी जवळून मारू नका.

पुसून नाही झालं तर बंपरला धक्का बसून एखादा सेन्सर आत ढकललाय का, तिरका झालाय का ते बघा. नंबर प्लेटची सैल फ्रेम, मागे लावलेला सायकल कॅरियर, टो हुक यांनाही तो अडथळा समजतो. मग इंजिन बंद ठेवून, चावी ऑन, हँडब्रेक, रिव्हर्स गिअर, आणि एकेका सेन्सरजवळ कान न्या, चालू असलेल्यातून बारीक टिकटिक येते, मेलेला गप्प असतो. पण लक्षात घ्या, मेलेला सेन्सर आणि खोटं बोलणारा सेन्सर वेगळे. मेला असेल तर बऱ्याच गाड्या रिव्हर्स टाकल्या टाकल्या एक लांब बीप देऊन सिस्टिमच बंद करतात. तुमच्या गाडीतल्यासारखी सतत कटकट करणारा सेन्सर बहुतेक जिवंतच असतो.

पुढे पण सेन्सर असतील तर ट्रॅफिकमध्ये हळू चालताना बाजूची गाडी जवळ आली की ते वाजणारच, तो बिघाड नाही. काही गाड्यांत बटणाने फक्त तेवढ्यापुरतं बंद होतं आणि पुढच्या रिव्हर्सला आपोआप परत चालू, कायमचं बंद करायचं असेल तर स्क्रीनच्या सेटिंगमध्ये आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. फ्यूज काढायचा सल्ला पण मिळेल तुम्हाला, पण एकाच फ्यूजवर दुसरंही काही चालत असू शकतं, त्यामुळे डायग्राम न बघता नकोच.

प्रश्न : मोबाईलला जोडायचा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारं यंत्र) लावून बघितला, एकही एरर कोड नाही. म्हणजे पार्किंग असिस्टमध्ये दोष नाही असं धरू का?

उत्तर : नाही. साधे स्कॅनर मुख्यतः इंजिनचे, म्हणजे पी अक्षराने सुरू होणारे कोड वाचतात. बॉडीचे कोड बी ने, चेसिसचे सी ने, आणि मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, एकमेकांशी बोलत नसतील तर यू ने सुरू होतात, पार्किंगचं दुखणं बहुधा तिकडे सापडतं. त्या मॉड्यूलपर्यंत पोचणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा, आणि नुसते कोड बघू नका, लाइव्ह डेटामध्ये प्रत्येक सेन्सर किती अंतर दाखवतोय ते बघायला सांगा. मोकळ्या मैदानात गाडी उभी असताना तीन सेन्सर रिकामे आणि एक 25 सेंटिमीटर म्हणत असेल तर अजून काय पुरावा हवा.

प्रश्न : बंपर रंगवून आणला तेव्हापासून मागचा डावा सेन्सर सारखा बोंबलतोय. रंगाचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो, नक्की बघा. सेन्सरवर रंगाचा जाड थर किंवा पुटी बसली की पडदा नीट हलत नाही. पण आधी तो भोकात सरळ बसलाय का आणि भोवतीची रबरी रिंग परत लावलीय का ते तपासा, काम करताना ती बरेचदा राहून जाते. तेही ठीक असेल तर डावा आणि उजवा सेन्सर, दोन्ही एकाच पार्ट नंबरचे असतील तरच, अदलाबदल करा. आवाज उजवीकडे गेला तर सेन्सर बदला, डावीकडेच राहिला तर बंपर परत उघडून त्या बाजूची वायर आणि कनेक्टर बघायला लावा.