शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर स्वस्तातली परदेशी बारा बोर बंदूक घ्यावी का?

घेऊ नये, कोकणातल्या बागायतदाराला देशी दुनळीच बरी. नामांकित नेमबाजांसारखे मोजके अपवाद सोडले तर परवानाधारकाला बंदूक आयात करता येत नाही, त्यामुळे ‘इम्पोर्टेड’ म्हणून स्वस्तात मिळते ते बहुधा कित्येक दशकांचे जुने हत्यार असते आणि त्याचे सुटे भाग मिळवताना नाकी नऊ येतात. आपल्या खाऱ्या, दमट हवेत एका पावसाळ्यात तेलाचा हात चुकला तरी नळी गंजते. म्हणून बंदूक उघडून, ती रिकामी असल्याची खात्री करून, नळी उजेडाकडे धरावी आणि आत काळे खड्डे दिसले तर सौदा तिथेच सोडावा. जुन्या इंग्रजी बंदुकांचा चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते तो भाग, पुष्कळदा ६५ मिमीचा असतो. त्यात ७० मिमीचे काडतूस तोंड दुमडलेले असल्याने बसते खरे, पण उडताना ते तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. जपून वापरलेली एखादी जुनी बंदूक मात्र, जाणत्या परवानाधारक कारागिराने तपासून दिल्यास, घेण्याजोगी असू शकते.