पहिला रिफ 'स्मोक ऑन द वॉटर'चाच घे

गिटार शिकताना सुरुवात याच रिफने, म्हणजे गाण्यात परत परत येणाऱ्या या छोट्या धूनने करू का, म्हणतोस? अरे वाजव बिनधास्त, लोक म्हणतात घासून गुळगुळीत झालंय, पण पन्नास वर्षं झाली तरी गिटार हातात आली की पोरं आधी हेच वाजवतात, त्याला कारण आहे. डीप पर्पल या रॉक बँडचं हे गाणं 1972 च्या 'मशीन हेड' अल्बममधलं. 1971 च्या डिसेंबरमध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रोला कसिनो जळालं, तळ्यावर धूर पसरला, तेच गाण्यात आलंय.

सुरुवातीला एवढंच बघ:

- एकाच तारेवर वाजवू नकोस, सगळे तिथेच फसतात. डी आणि जी दोन्ही तारा एकदम. 0-3-5, 0-3-6-5, 0-3-5-3-0, बस्स. आकडे फ्रेटचे, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांचे, 0 म्हणजे मोकळी तार.
- पिक (तार छेडायची चकती) बाजूला ठेव, बँडचा तेव्हाचा गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर हा रिफ बोटांनी छेडायचा. पिकने एक तार आधी लागते, बोटांनी दोन्ही एकदम, ऐकलंस की कळेल.
- घाई नको. मधल्या गॅपमध्येच मजा आहे आणि नवीन माणूस नेमका तीच खातो, मीपण सहा महिने खाल्ली, शेजारचे काका वैतागले होते 😄

डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट), सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) वगैरे आत्ता विसर. रोज दहा मिनिटं, पायाने ठेका धरून, आणि ओरिजिनलमध्ये गिटारमागून बाकीची वाद्यं एकेक करून कशी येतात ते ऐक.