वडिलांचे ऋण गाऊन सांगता येते का?

चाळिशी-पन्नाशीतले पुष्कळ मुलगे सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसून जवळजवळ एकच गोष्ट सांगतात. वडिलांनी आपल्यासाठी खस्ता खाल्ल्या हे त्यांना कळते, पण ते बोलून दाखवायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही, आणि वडिलांचे वय पाहता आता उशीर होईल अशी धास्ती वाटते. त्यांच्यापैकी एकांची हकिगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडतो आहे.

हे गृहस्थ डोंबिवलीला राहणारे, बँकेत नोकरीला. त्यांच्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, सहस्रचंद्रदर्शन तीन महिन्यांवर आले होते. हॉल ठरवून, की-बोर्डवाले बोलावून, वडिलांवरचे एक गाणे स्वतः म्हणायचे असा त्यांचा बेत होता. मात्र घरी तालीम सुरू झाली की अण्णा उठून गॅलरीत जाऊन बसत, आणि त्यामुळे हे गृहस्थ मनातून फार दुखावले गेले होते. “एवढे मनापासून करतो आहे, तर त्यांना ऐकावेसेही वाटू नये का?” असे त्यांनी मला विचारले.

मी गाण्याबद्दल बोलण्याऐवजी अण्णांबद्दल विचारत गेलो. अण्णा लालबागच्या चाळीत राहून कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, काम करीत, आणि चाळीच्या भजनी मंडळात शनिवारी पखवाज वाजवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा माझ्यासमोर बसलेले हे गृहस्थ सात वर्षांचे होते. गिरणी पुन्हा हाती लागली नाही, अण्णांनी रात्रपाळीची रखवालदारी धरली, मुलाची शाळा चालू राहिली आणि पखवाज आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेला. हे सांगता सांगता ते एकदम थांबले. रात्रपाळीमुळे अण्णांचे भजन कायमचे सुटले, ही गोष्ट त्यांनी चाळीस वर्षांत कधी अशी जोडून पाहिली नव्हती.

तालमीच्या वेळी उठून जाण्यामागे आणखी एक साधे कारण असावे असे मला वाटले, आणि मी आधी कान तपासून घेण्याचा आग्रह धरला. साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांचे उंच स्वर ऐकण्याचे सामर्थ्य आधी जाते. शब्दातली स, श, फ, त यांसारखी व्यंजने विरून जातात, आणि आवाज मोठा केला तर तो स्पष्ट होण्याऐवजी कानाला टोचतो. तपासणीत तसेच निघाले. मुलगा ज्या गाण्यात जीव ओतत होता, ते अण्णांपर्यंत नुसता गोंगाट होऊन पोहोचत होते. खर्जातला आवाज मात्र त्यांना अजून बऱ्यापैकी ऐकू येत होता. अशा वडिलांच्या वागण्याचा अर्थ लावण्याआधी कानाच्या डॉक्टरांकडे जावे, हे मी प्रत्येक घराला सांगतो.

दुसरी गोष्ट मी त्यांना स्पष्टच सांगितली. दोनशे पाहुण्यांसमोर खुर्चीत बसवून मुलाने ऋण व्यक्त करायचे आणि वडिलांनी ते सगळ्यांच्या देखत स्वीकारायचे, हे ज्या माणसाने आयुष्यभर फक्त दिले त्याला अवघड जाते. त्यांच्यासाठी गाण्यापेक्षा त्यांच्या ठेक्यावर गा. त्यांच्याकडून काही मागा.

पहिला प्रयत्न फसला. माळ्यावरून पखवाज काढलेला पाहून अण्णा “आता कशाला?” एवढेच म्हणाले. गृहस्थांनी नेटाने दादरच्या एका कारागिराकडून पखवाजाच्या दोन्ही पुड्या, म्हणजे तोंडांवरची कातडी, बदलून आणल्या आणि एका शनिवारी रात्री, खर्जाचा घुमारा यावा म्हणून डाव्या तोंडाला लावायची कणीक स्वतःच भिजवायला घेतली. ती सैल झाली, बोटांना चिकटू लागली. अण्णा थोडा वेळ पाहत राहिले, मग पुढे सरकून त्यांनी परात आपल्याकडे ओढली, चिमूटभर पीठ घातले, गोळा मळून पुडीच्या मधोमध थापला, पाण्याच्या हाताने कडा बसवल्या आणि तळव्याने एक थाप दिली. तो घुमारा अण्णांना ऐकू आला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून घरातल्या सगळ्यांना कळले.

त्या रात्री भजनी ठेक्याच्या आठ मात्रांवर एक गजर झाला. मुलगा दोनदा लयीतून सुटला आणि अण्णांनी दोन्ही वेळा “घाई करू नकोस” म्हणून त्याला समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, आणून सोडले. पखवाज बाजूला ठेवताना गृहस्थ, आम्ही ठरवले होते तसे, मोघम आभार न मानता एकच नेमकी गोष्ट जवळ बसून सावकाश बोलले, “अण्णा, माझ्या शाळेसाठी तुमचा शनिवार गेला, हे मला आता कळतंय.” अण्णांनी मान हलवली आणि ते झोपायला गेले.

हॉलमधले गाणे रद्द झाले. पुढच्या भेटीत गृहस्थांनी पुन्हा विचारले, “मी बोललो ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं असेल का? ते तर काहीच म्हणाले नाहीत.” मी त्यांना त्यानंतरच्या शनिवारी काय झाले ते सांगायला सांगितले. ते म्हणाले, “गाडीला गर्दी होती, घरी यायला मला नऊ वाजले. कणीक भिजवून, ओल्या फडक्याखाली झाकून, त्यांनी पखवाजाशेजारी ठेवली होती.”