शिळी बातमी, ताजा हुकूम

प्रश्न : मॅडम, बाथरूमचं काम काढलं तेव्हा शॉवर समोरच्या कोपऱ्यात नेला, पण मिक्सर जुन्याच जागी दाराशी राहिला. मधे भिंतीतून वळसा घालून सहा मीटर पाइप गेलाय. आता पाणी गार लागलं म्हणून गरमकडे फिरवलं की काहीच होत नाही. आणखी फिरवलं की एकदम चटका. मागे फिरवलं की गारठा. मिक्सर बदलून झाला, फरक शून्य.

उत्तर : मिक्सर उगीच बदललात. हिशोब करून बघा. पाइपाचा आतला व्यास 15 मिलिमीटर धरला तर सहा मीटरमध्ये साधारण एक लिटर पाणी मावतं. शॉवरमधून मिनिटाला सहा लिटर पाणी येत असेल, तर हा एक लिटर संपायला दहा सेकंद लागतात. म्हणजे तुमच्या अंगावर पडतंय ते दहा सेकंदांपूर्वी मिसळलेलं पाणी. तुम्ही शिळी बातमी ऐकून ताजा हुकूम सोडताय, आणि दहा सेकंद दम निघत नाही म्हणून एकावर एक तीन हुकूम सोडताय. तिन्ही लागोपाठ अंगावर येतात.

आमच्या धंद्यात, म्हणजे यंत्रांच्या नियंत्रणाच्या कामात, याला ‘हंटिंग’ म्हणतात. यंत्र नेमकी जागा शोधत राहतं, सापडली की ओलांडून पुढे जातं, परत फिरतं, पुन्हा ओलांडतं.

उपाय दोन. फुकटचा असा : अगदी थोडंसंच फिरवा आणि पंधरा अंक मोजा. मगच पुढचा निर्णय. दुसरा उपाय थर्मोस्टॅटिक मिक्सरचा. त्याच्या पोटात मेणाची एक डबी असते. मिसळलेल्या पाण्यात मेण फुगतं, आकसतं आणि गरम-गारचं प्रमाण सांभाळतं. इथे पाणी पारखलं जातं ते मिक्सरमध्येच, पाइपाच्या टोकाला नाही. पाइप सहाच मीटर राहतो, पण तो भांडणातून बाहेर पडतो.

तुम्हाला हसण्याचा अधिकार मला नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी हीच चूक पगार घेऊन केली. एका भट्टीचं तापमान सारखं वर-खाली होत होतं. रेकॉर्डरच्या कागदावर लाटाच लाटा. मी सलग दोन पाळ्या कंट्रोलरचा गेन, म्हणजे चुकीला किती जोरात उत्तर द्यायचं ते, कमी-जास्त करत बसले. कमी केला की लाटा मंद व्हायच्या, पण भट्टी सेट पॉइंटला, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला, यायला तास घ्यायची. सुपरवायझरला घाई, म्हणून पुन्हा वाढवायचा. मग नवा कंट्रोलर बसवला, तरी तेच. शेवटी एका जुन्या फिटरनं एवढंच विचारलं, “बाई, थर्मोकपल काढून बघितलंत का?” थर्मोकपल म्हणजे भट्टीचं तापमान मोजणारा सेन्सर.

काढलं. ज्या धातूच्या नळीत तो बसतो, त्या थर्मोवेलमध्ये तार घालून खोली मोजली : 30 सेंटिमीटर. थर्मोकपल 22 चा. कुणीतरी बदलताना हाताला आला तो आखूड बसवला होता. टोकाशी आठ सेंटिमीटर नुसती हवा, आणि हवेतून उष्णता पोचणार रडतखडत. भट्टीत काय चाललंय ते कंट्रोलरला मिनिट-दीड मिनिट उशिरा कळत होतं. बरोबर लांबीचा, स्प्रिंगवाला थर्मोकपल तळाला टेकवून बसवला आणि मूळचा गेन परत लावला. अर्ध्या तासात कागदावर सरळ रेघ. तेव्हापासून लाटा दिसल्या की मी आधी सेन्सर बघते, कंट्रोलरला नंतर हात लावते.

प्रश्न : फ्रिज सारखा चालू-बंद होतो. अचूक एकाच तापमानाला का राहत नाही? थर्मोस्टॅट गेलाय का?

उत्तर : नाही. साध्या फ्रिजला दोनच गोष्टी येतात, पूर्ण चालू आणि पूर्ण बंद. चालू व्हायचं आणि बंद व्हायचं तापमान एकच ठेवलं असतं तर कॉम्प्रेसर क्षणाक्षणाला टक-टक करत लवकरच बसला असता. म्हणून मुद्दाम काही अंशांचं अंतर ठेवलेलं असतं. इस्त्रीचा दिवा लागतो-विझतो तो याच कारणानं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला वेग कमी-जास्त करता येतो, त्यामुळे तो फारसा बंद पडत नाही.

प्रश्न : इन्स्ट्रुमेंटेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कंट्रोलर ज्या तीन भागांनी निर्णय घेतो त्या पी-आय-डीची सूत्रं पाठ आहेत, पण ‘आय’ नसला तर नेमकं काय बिघडतं ते डोळ्यांसमोर येत नाही.

उत्तर : वही मिट आणि फ्लश टाकीचं झाकण उचल. पाणी सोड आणि बघत उभा राहा. सुरुवातीला धार जोरात असते. फ्लोट वर येतो तशी बारीक होते, शेवटी सुतासारखी, आणि थांबते. चूक, म्हणजे खुणेपासूनचं अंतर, मोठी तर धार मोठी, चूक लहान तर धार लहान. हा झाला ‘पी’.

आता समज, तळाचा वॉशर झिजलाय आणि पाणी थोडं थोडं गळतंय. जेवढं गळतं तेवढं आत यायला हवं. त्यासाठी व्हॉल्व्ह जरासा उघडा हवा. आणि व्हॉल्व्ह उघडा राहायचा तर फ्लोट जरासा खाली हवा! म्हणून पाणी खुणेच्या बोटभर खाली जाऊन थांबतं आणि तिथेच राहतं. फ्लोट खूश, तू नाराज. पुस्तकात ज्याला ‘ऑफसेट’ म्हणतात तो हाच. गेन वाढवलास तर बोटाचं अर्धं बोट होईल, शून्य होणार नाही.

‘आय’ म्हणजे टाकीशेजारी बसलेला एक चिकट माणूस. पाणी खुणेखाली आहे, अजूनही खाली आहे, असं मनात साठवत तो फ्लोटचा दांडा हळूहळू वाकवत राहतो, पाणी खुणेला टेकेपर्यंत. पूर्वी हे काम खरंच ऑपरेटर हातानं करायचा, त्याला ‘रिसेट’ म्हणत. यंत्र ते आपोआप करू लागलं तेव्हा ‘ऑटोमॅटिक रिसेट’ झालं. जुने लोक अजून ‘आय’ म्हणत नाहीत, रिसेटच म्हणतात.

‘डी’ समजायला जहाजावर जा. निकोलस मिनोर्स्की यांनी 1922 साली जहाजाच्या आपोआप सुकाणूवर जो शोधनिबंध लिहिला, त्यामागे सुकाणूवाल्या खलाशांचं निरीक्षण होतं. मुरलेला खलाशी जहाज किती वळलंय एवढंच बघत नाही, किती वेगानं वळतंय तेही बघतो आणि वळण पुरं व्हायच्या आधीच सुकाणू उलट धरतो. मात्र सावध. ‘डी’ भित्रा आहे, सेन्सरच्या बारीक थरथरीलाही दचकतो. फ्लोच्या लूपला, म्हणजे पाइपातला प्रवाह सांभाळणाऱ्या कंट्रोलरला, मी तो कधी लावला नाही, तूही लावू नकोस.

प्रश्न : कार्यक्रमात माइक मधूनच शिट्टी का मारतो? ‘फीडबॅक येतोय’ म्हणतात, पण तुम्ही तर फीडबॅकचं कौतुक करता.

उत्तर : नाव एक, स्वभाव उलटा. मी कौतुक करते तो फीडबॅक म्हणजे परिणाम बघून चूक सुधारणं. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये. एका फेरीत आवाज होता तेवढाच किंवा जास्त होऊन परतला आणि मूळ लाटेशी त्याचा ताल जुळला, की शिट्टी सुरू. ज्या सुराचा ताल जुळतो तोच सूर पेटतो, म्हणून एकाच जागी शिट्टी बहुधा त्याच सुरात येते. थर्मोस्टॅट चूक कमी करतो, इथे चूक स्वतःलाच खतपाणी घालते.

गंमत अशी की त्याच अँप्लिफायरमध्ये चांगला फीडबॅकही काम करत असतो. 2 ऑगस्ट 1927 रोजी हॅरोल्ड ब्लॅक नावाचा टेलिफोन इंजिनियर फेरीबोटीनं हडसन नदी ओलांडून कामावर चालला होता. बाहेर आलेल्या आवाजातला थोडा भाग उलटा करून परत आत दिला तर अँप्लिफायरची विकृती घटते, हे त्याला बोटीतच सुचलं आणि हातातल्या वर्तमानपत्रावर त्यानं ते लिहून काढलं. पेटंट मिळालं 1937 मध्ये. आवाज मुद्दाम कमी करणारा अँप्लिफायर कुणाला पटकन पटला नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर माइक स्पीकरच्या मागे ठेवा, समोर कधीच नको. बोलणाऱ्याला माइक तोंडाजवळ धरायला लावा, म्हणजे गेन खाली आणता येईल. आणि शिट्टी आली की माइकवर हात झाकू नका, त्यानं बहुतेक वेळा ती वाढतेच.