नोकरी सांभाळून प्रिंट-ऑन-डिमांडमधून महिन्याला 20,000 रुपये मिळू शकतात का?

आपण विचारले आहे की, ठाण्याहून अंधेरीला रोज नोकरीसाठी ये-जा करताना, घरात माल साठवायला जागा नसताना आणि फारसे भांडवल न घालता, टी-शर्ट आणि कॉफीचे मग यांवर स्वतःची डिझाइन छापून विकण्याच्या या धंद्यातून महिन्याला 20,000 रुपये सुटतील का, आणि त्यासाठी 15,000 रुपयांचा ऑनलाइन कोर्स करावा का. मी मुलुंडला राहते, फोर्टमध्ये नोकरी करते आणि गेली चार वर्षे हा जोडधंदा करते आहे. पहिल्या वर्षी मला 20,000 रुपये मिळाले नाहीत. महिन्याला तर नाहीतच, संपूर्ण वर्षातही नाहीत. आता वर्षातले चार महिने त्याहून अधिक मिळतात आणि उरलेले आठ महिने तीन ते सहा हजारांवर समाधान मानावे लागते.

धंद्याची रचना आपल्याला ठाऊक असेलच. आपण फक्त डिझाइनची फाइल चढवायची. ऑर्डर आली की छपाई करणारी कंपनी कोऱ्या शर्टावर ते छापते आणि आपल्या नावाच्या पाकिटात घालून थेट ग्राहकाकडे पाठवते. मुंबईतल्या वन-बीएचकेमध्ये, जिथे पलंगाखालची जागासुद्धा गाद्या आणि सुटकेसनी आधीच व्यापलेली असते, तिथे ही कल्पना अमृतासारखी वाटते. परंतु एकेक नग छापण्याचा दर घाऊक छपाईपेक्षा बराच जास्त असतो, आणि नेमका तेवढाच आपला नफा आकसतो.

माझ्या वहीतला पहिल्या वर्षाचा हिशेब जसाच्या तसा देते. शर्टाची किंमत 549 रुपये, घरपोच पाठवणी त्यातच धरलेली. शर्ट आणि छपाई 285, कुरिअर 70, पैसे स्वीकारण्याचे शुल्क सुमारे 11. म्हणजे एका शर्टामागे 183 रुपये उरले. (जीएसटी सध्या बाजूला ठेवू, खरेदीवरचा कर वजा जाता भरायचा कर थोडाच उरतो.) इथपर्यंतचा हिशेब कोर्सवाले दाखवतात. पुढचा ते दाखवत नाहीत. समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीचा खर्च मला एका ऑर्डरमागे 90 रुपये पडत होता. शिवाय जवळजवळ सगळ्या ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरीच्या, आणि दहांपैकी दोन माणसे पार्सल दारात आले की ‘नको’ म्हणत किंवा फोनच उचलत नसत. असे पार्सल परत आले की जाण्याचे 70 आणि येण्याचे 70 आपल्या माथी, आणि छापून झालेला 285 रुपयांचा शर्टही आपल्याच गळ्यात. आता दहा ऑर्डरींची बेरीज करा: आठ शर्टांचे 1,464 रुपये आले, दोन परतीच्या पार्सलांत 850 गेले, जाहिरातीत 900 गेले. दहा शर्ट विकायला निघाले आणि खिशातले 286 रुपये घालवून बसले! हा हिशेब मी तब्बल पाच महिने मांडलाच नव्हता, कारण खात्यात पैसे येताना दिसत होते आणि तेवढ्यावर मी खूश होते.

मग मी कॅश ऑन डिलिव्हरी बंद केली आणि जाहिरातही बंद केली. ऑर्डरी अर्थातच कोसळल्या. पण जे थोडे ग्राहक उरले ते कोण आहेत हे पाहताना ध्यानात आले की, त्यांतले बहुतेक जण मला किंवा माझ्या ओळखीच्या कोणाला तरी ओळखणारे होते आणि त्यांनी शर्ट घेतला होता तो त्यावरचा मजकूर त्यांच्या रोजच्या जगण्यातला होता म्हणून. ‘पॉझिटिव्ह राहा’ छापाची डिझाइन कोणीही करतो आणि ती कोणीही विकत घेत नाही. त्याउलट लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धवट टेकून प्रवास करणाऱ्यांसाठी मी ‘जरा सरकून घ्या’ एवढेच शब्द असलेला शर्ट केला, तेव्हा आमच्या लेडीज डब्यातल्या गटाने एकदम अकरा नग मागवले.

त्या अकरा शर्टांची गोष्ट सांगणे भाग आहे. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी वेगळी चालू करावी लागते, हे मला माहीत नव्हते. स्क्रीनवर नजर टाकली, रंग पाहिला, फाइल पाठवून दिली. शर्ट आले ते ‘जरा सरकून घ्‌या’ असे लिहिलेले: घचा पाय मोडलेला आणि या वेगळा. डब्यातल्या एका निवृत्तीला आलेल्या शिक्षिकेने पाकीट फोडताक्षणी तो पाय मोडलेला घ माझ्यासमोर धरला. चूक पूर्णपणे माझी होती, त्यामुळे अकराही शर्ट पुन्हा छापून दिले. तेव्हापासून प्रत्येक फाइल कागदावर छापून, जोडाक्षरे आणि वेलांट्या बोट ठेवून वाचल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही. फॉन्टही वाटेल तो घेऊ नका. फुकट उतरवता येणारा प्रत्येक फॉन्ट व्यापारासाठी फुकट नसतो. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहेत आणि विक्रीच्या मालावर बिनदिक्कत वापरता येतात.

माझे खरे उत्पन्न मात्र एकेका नगातून येत नाही. भांडुपच्या एका महिला गोविंदा पथकातल्या मुलीने तो चौथ्या सीटचा शर्ट पाहिला आणि दहीहंडीसाठी साठ शर्ट हवेत म्हणून फोन केला. साठ नग एकेक करून छापणे हा मूर्खपणा ठरला असता. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी एक स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळीदार चौकट, बनवावी लागते, तो खर्च एकदाच होतो, आणि म्हणून नग वाढतील तसा दर उतरतो. धारावीतल्या एका कारागिराने एकरंगी छपाई शर्टासकट 190 रुपयांत करून दिली. मी ते 280 रुपयांनी दिले आणि एका ऑर्डरीत 5,400 रुपये सुटले. गोविंदा, गणेशोत्सव मंडळे, ढोल-ताशा पथके आणि पाडव्याच्या शोभायात्रा, हे माझे ते चार महिने. या कामात एक पथ्य पाळा: निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कापडाला हात लावू नका, कारण शर्टांचे पैसे बहुधा कोणीतरी प्रायोजक देणार असतो आणि हंडी फुटल्यावर प्रायोजकाचा फोन लागत नाही. आणि मापे ‘मीडियम, लार्ज’ अशी न घेता छातीच्या इंचांत, लेखी घ्या.

म्हणून मी आता प्रिंट-ऑन-डिमांडकडे चाचणीचे साधन म्हणून पाहते. नवे डिझाइन तिथे टाकायचे, पंधरा-वीस नग गेले तर ते स्क्रीन प्रिंटिंगला न्यायचे, न गेले तर विसरून जायचे. न गेलेल्या डिझाइनचा एकही शर्ट घरात पडून राहत नाही, आणि एवढ्या सोयीसाठी जास्तीचा दर मला मान्य आहे.

काय छापू नये, याविषयी मराठी विक्रेते फारच बेफिकीर असतात. चित्रपटांतले संवाद, क्रिकेट संघांची चिन्हे आणि हयात कवींच्या ओळी ही दुसऱ्याची मालमत्ता आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरही 60 वर्षे लेखनाचे हक्क राखीव असतात. तुकोबांचा अभंग छापायला हरकत नाही, मात्र आजच्या एखाद्या सुलेखनकाराने रेखाटलेला तोच अभंग उचलता येत नाही. सर्वांत मोठे आश्चर्य मला वाटले ते हे की, बोधचिन्हे आणि नावे यांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणाऱ्या 1950 च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्यांचा व्यापारासाठी वापर करता येत नाही. दादरच्या फुटपाथवर काय दिसते ते मलाही ठाऊक आहे, तरी मी त्या वाटेला गेले नाही.

कराचे थोडक्यात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाच्या 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून असा छोटा विक्रेता नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन बाजारपेठेवरही राज्यांतर्गत विक्री करू शकतो. परराज्यात माल पाठवायचा झाला की नोंदणी आली. छपाई तमिळनाडूत आणि ग्राहक मुंबईत असेल तर गुंता वाढतो, तेव्हा सीएला एकदा भेटाच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी होणारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते. तिच्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत. आपल्या नेमणूकपत्रात दुसऱ्या उत्पन्नावर बंधन घालणारे कलम आहे का, तेही आधी वाचा.

कोर्स करू नका. त्या 15,000 पैकी दोन हजारांत दोन-तीन वेगवेगळ्या छपाईवाल्यांकडून आपलेच एक डिझाइन आपल्याच मापाच्या शर्टावर मागवा, घरच्या मशीनमध्ये प्रत्येक शर्ट पाच वेळा धुवा, आणि पावसाळा असेल तर पंख्याखाली वाळवून उलट्या बाजूने इस्त्री करा. माझ्या पहिल्या तीन नमुन्यांपैकी एकाची छपाई तिसऱ्या धुण्यात तडकली होती, आणि नेमक्या त्याच छपाईवाल्याचा दर सर्वांत कमी होता.