आई दातांच्या डॉक्टरांना फार घाबरते. रत्नागिरीत समजून घेणारे डॉक्टर कसे शोधू?

पहिल्या दिवशी उपचार नकोच, नुसतं बोलायला जा. आई घाबरते हे फोनवरच सांगा. जे डॉक्टर आधी ऐकून घेतात, हात वर केला की मशीन थांबवायचं कबूल करतात, ते आपले. मिशरीने काळे पडलेले दात बघून ओरडणारे भेटले तर सरळ उठून या. आपल्याकडे कित्येक बायका दुखण्यापेक्षा या लाजेनेच जात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

सुईची धास्ती असेल तर आधी हिरडीवर बधिर करणारं जेल लावायला सांगा, मिनिट-दोन मिनिटांत काम करतं. सकाळची पहिली वेळ घ्या, ताटकळलं की भीती वाढते. घावणे खाऊनच निघा, उपाशी पोटी चक्कर येते. नंतर 2-3 तास ओठ बधिर राहतो, तोवर गरम पेज देऊ नका.