सिगारेट सोडताय? आधी एवढंच करा

भाऊ, येत्या दोन आठवड्यांतली एक तारीख पक्की करा. तोवर कोणती सिगारेट कधी आणि का ओढता, ते टिपा. चहासोबतची, जेवणानंतरची, बॉसशी वाजल्यावरची. अडचण तिथेच येणार आहे.

सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटत असेल तर निकोटिन गम, म्हणजे तलफ भागवायला थोडं निकोटिन देणारा औषधी गम, ४ मिग्रॅचा घ्या, नाहीतर २ मिग्रॅचा. हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

गम फसतो तो चघळण्यात. लोक च्युइंगमसारखा कचाकचा चावतात, मग निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते आणि गम बदनाम. हळू चावा, जीभ चुणचुणली की गालात दाबून ठेवा. चुणचुण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा. असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कोल्ड्रिंक नको, संत्र्याचा रसही नको. आंबटपणाने निकोटिन नीट शोषलं जात नाही.

नेहमीच्या चुका:
- सिगारेट सोडून खर्रा धरणे. नागपुरात हे फार. त्यातही तंबाखूच, वर सुपारीही कर्करोग करते.
- रोजच्या पानठेल्यावरच चहाला जाणे. निदान पहिला आठवडा रस्ता बदला.
- एक ओढली म्हणून सगळंच सोडून देणे. पुढची ओढू नका, बस.

तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. पॅच, गोळ्यांचं नंतर बघू. अडलं तर तंबाखू सोडायला मदत करणारी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ लावा, फुकट आहे.